शिट्ट्या मोजू नका : कुकरमध्ये जपानी बीफ करी

जपानला आले तेव्हा बॅगेत साडेतीन लिटरचा कुकर होता. तो बसावा म्हणून दोन स्वेटर घरी ठेवले होते. तोक्योतल्या निशी-कासाईच्या घरी पहिल्याच संध्याकाळी कळलं की शेगडी इंडक्शनची आहे आणि माझा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्या खिजगणतीत नाही. नुसतीच पी-पी करत राहिली. मग इथलाच एक कुकर घेतला आणि त्यात पहिल्यांदा जपानी करी केली ती वसईच्या हाताने. म्हणजे मांस, बटाटे, गाजर, करीच्या तयार मसाल्याच्या वड्या, पाणी, सगळं एकदम आत, वर झाकण, आणि मी फोनवर. वीस मिनिटांत जिन्यापर्यंत करपल्याचा वास. झाकण उघडलं तर तळाला डांबर आणि वाफेच्या भोकात तपकिरी लगदा घट्ट बसलेला. भोक पूर्ण बुजलं नाही हे नशीब.

तेव्हापासून एकच नियम पाळते: कुकर फक्त मांसासाठी. करीची वडी पडली की झाकण लावायचं नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या या नियमाभोवतीच आहेत.

महाराष्ट्रात बसून वाचत असाल, तर तिथे २०१५ पासून गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे ही करी बकऱ्याच्या मटणाची करा. त्याची मिनिटं खाली दिली आहेत. बाकी कृती तीच.

आधी एक अपेक्षा सोडा

ही आपल्याकडची रस्साभाजी नाही. जपानमध्ये करी आली ती मेइजी काळात, इंग्रजांच्या हातून, मैदा घालून दाट केलेली. १८७२ सालच्या एका जपानी पाकपुस्तकात करीची कृती आहे आणि तिच्या साहित्यात कोळंबी, कालवं यांच्याबरोबर चक्क बेडूक आहे. पुढे जपानी आरमाराने ती उचलली. आजही इथल्या सागरी दलात शुक्रवारी करी असते, आणि योकोसुका हे आरमारी गाव त्या नावावर पर्यटक बोलावतं. भारतातून थेट आलेली करी वेगळी: क्रांतिकारक रासबिहारी बोस यांनी शिंजुकूच्या नाकामुराया दुकानात १९२७ साली जी सुरू करवली ती. तीसुद्धा कोंबडीची.

तेव्हा कढीपत्ता, कोथिंबीर, खोबरं शोधत बसू नका. दाट, किंचित गोड, चमच्याने भाताबरोबर खायची वस्तू आहे ही. मी सुरुवातीला डब्यातून बॉटल मसाला, म्हणजे आमचा वसईकडचा मसाला, काढून दोन चमचे घातला होता. झालं ते वाईट नव्हतं, पण जपानी करीही नव्हती आणि वसईचं मटणही नव्हतं.

१. सामान जमवा

सहा ताटांसाठी मी हे घेते:

- बीफ ५०० ग्रॅम
- कांदे २ मोठे, सुमारे ४०० ग्रॅम
- गाजर १
- बटाटे २ मध्यम
- आलं-लसूण, प्रत्येकी अर्धा चमचा, किसून
- तमालपत्र १
- तेल १ मोठा चमचा
- पाणी ६०० मिली
- करी रूचा अर्धा डबा

'रू' म्हणजे मैदा, चरबी आणि मसाला एकत्र परतून केलेल्या वड्या. दिसायला चॉकलेटच्या लादीसारख्या, मोडायच्याही तशाच. बहुतेक मोठ्या डब्यांत दोन वेगळे सीलबंद साचे असतात, म्हणून अर्धा डबा मोजायला वजनकाटा लागत नाही. हाउस कंपनीचा व्हर्मोंट १९६३ पासून बाजारात आहे, सफरचंद आणि मधाचा, लहान मुलांच्या घरात हमखास असणारा. एस अँड बीचा गोल्डन करी १९६६चा, मसाल्याला थोडा पुढे. डब्यावर तिखटपणा लिहिलेला असतो: आमाकुची म्हणजे गोड, चूकारा मध्यम, काराकुची तिखट. आपल्या जिभेला काराकुचीसुद्धा सौम्यच लागते, तेव्हा बिनधास्त तीच घ्या.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात मी माझ्याच पाहुण्यांना पाडलं असतं. डब्यावर गाजर-बटाट्याचं चित्र असलं म्हणून रू शाकाहारी नसतो. बऱ्याच वड्यांतली चरबीच मुळी प्राण्याची असते. साहित्याच्या यादीत ग्यूशी म्हणजे बीफची चरबी, तोन्शी म्हणजे डुकराची. कांजी, म्हणजे जपानी लिपीतली चिन्हं, वाचता येत नसतील तर फोनचा कॅमेरा यादीवर धरा. शाकाहारी किंवा हलाल खाणारं कुणी जेवायला येणार असेल तर "मांसाचे तुकडे बाजूला काढते" हा उपाय चालत नाही. तसा वेगळा रू मिळतो, तो आणा.

२. मांस : महाग नको, चिवट हवं

नवीन माणूस सुपरमार्केटात सगळ्यात सुंदर दिसणाऱ्या पाकिटाकडे जातो. लाल मांसात पांढऱ्या चरबीची नक्षी, वर 'वाग्यू'चा, म्हणजे महागड्या जपानी बीफचा, शिक्का. ते परत ठेवा. कुकरमध्ये घालण्यासाठी ते नाही, पैसे वाफेवर जातील.

तुम्हाला हवं आहे सुने, म्हणजे जनावराची पोटरी. आयुष्यभर वजन उचललेला स्नायू, त्यात पांढरे चिवट पट्टे. साध्या पातेल्यात हे मांस दोन-तीन तास खातं. कुकरमध्ये ते पट्टे, म्हणजे कोलॅजन, अर्ध्या तासात विरघळून जिलेटिन होतं. पायाचं सूप प्यायल्यावर ओठ एकमेकांना चिकटतात ना, तेच ते. करीला जी जड, चकचकीत पोत येते तिच्यात रूइतकाच वाटा याचा असतो.

सुने मिळालं नाही तर बारा, म्हणजे छाती-पोटाकडचं चरबीवालं. त्याहून सोपं म्हणजे 'कारे-शिचू यो' अशी चिठ्ठी असलेलं कापलेलं पाकीट, करी आणि स्ट्यूसाठीचं. फक्त त्यात कुठला भाग आहे ते बघा. मोमो, म्हणजे मांडी, असेल तर ती कमी चरबीची, आणि जास्त शिजली की काड्यांसारखी कोरडी होते.

कोमागिरे नावाचे पातळ काप स्वस्त दिसतात. त्यांची करी छान होते, पण कुकरशिवाय. दाबाखाली त्यांचे धागे होतात आणि मग करीत मांस आहे की नाही यावर घरात चर्चा.

संध्याकाळी सातनंतर दुकानात जा. मांसाच्या कप्प्याजवळ एक कर्मचारी पिवळे-लाल स्टिकर लावत फिरत असतो. 'हानगाकू' म्हणजे निम्म्या किमतीत. त्या दिवशीच शिजवणार असाल तर त्यात काही वावगं नाही. माझं अर्धं सुने असंच येतं.

जाता जाता: तोक्योकडे घरच्या करीत बहुधा डुकराचं मांस असतं, ओसाकाकडे बीफ. तिकडे नुसतं 'निकु', मांस, म्हटलं तरी बीफच समजतात. म्हणून जो डुकराच्या सारणाचा वाफवलेला पाव तोक्योत 'निकुमान' असतो, तोच ओसाकात 'बुतामान' होतो. बुता म्हणजे डुक्कर, हे वेगळं सांगावं लागतं.

३. आपला कुकर कोणता ते बघा

आपल्या कुकरला वरून वजन असतं, दाब वाढला की ते उचललं जातं आणि शिट्टी होते. जपानी कुकर बहुधा शिट्टीच मारत नाही. झाकणात एक पिन असते, ती वर येते. पिन वर आली की आच मंद करायची आणि तिथून मिनिटं मोजायची. जपानी कृतीत 'काआत्सू (दाब) २० मिनिटं' असं लिहिलेलं असतं ते याच हिशेबाने, शेगडीवर ठेवल्यापासून नव्हे.

आपला कुकर असेल तर? "किती शिट्ट्या?" हा प्रश्न मला प्रत्येक मैत्रिणीने विचारला आहे. शिट्टी हे माप नाही. मोठ्या आचेवर पाच मिनिटांत चार होतील, मंद आचेवर एकही नाही. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि घड्याळ लावा. आपल्या कुकरमध्ये दाब साधारण १०० किलोपास्कलचा असतो, आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. जपानी कुकरमध्ये कमी आणि जास्त असे दोन दाब असतात, आकडा पुस्तिकेत दिलेला असतो.

वेळेचा हिशेब, तीन-चार सेंटीमीटरच्या तुकड्यांसाठी, जास्त दाबावर:

- सुने : ३० मिनिटं
- बारा : २० मिनिटं
- बकऱ्याचं मटण : १५ मिनिटं

विजेच्या कुकरचा दाब बहुतेक वेळा याहून कमी असतो, तिथे सात-आठ मिनिटं वाढवा.

जपानमध्ये नवा कुकर घेताना दोन गोष्टी तपासा. एक, पीएससीची, म्हणजे सुरक्षिततेची, खूण. घरगुती प्रेशर कुकर इथे त्या खुणेशिवाय विकता येत नाही, त्यामुळे ऑनलाइन कुठूनतरी परदेशी माल स्वस्तात दिसला तर हात आखडता घ्या. दोन, तळावर इंडक्शन चालतं असं लिहिलं आहे का. माझ्यासारखी ॲल्युमिनियमची फुलदाणी करून ठेवायची नसेल तर.

४. भाजा, आणि घाई करू नका

मांसाचे तुकडे कागदाने टिपून कोरडे करा. ओलं मांस भाजलं जात नाही, उकडतं. मीठ-मिरपूड लावून, उघड्या कुकरमध्ये तेल चांगलं तापलं की निम्मेच तुकडे घाला. कुकरचा तळ लहान असतो, सगळे एकदम घातले की पाणी सुटतं आणि मांस राखाडी पडतं. एक बाजू चॉकलेटी होईपर्यंत हलवू नका. सुटायला तयार झालं की तुकडा स्वतःच तळ सोडतो, उलथनं मारावं लागत नाही. दोन घाण्यांत भाजून ताटलीत काढा.

त्याच तेलात पातळ उभा चिरलेला कांदा. इथले लोक याला आमेइरो म्हणतात, म्हणजे मधासारख्या रंगावर येईपर्यंत. त्याला वीस मिनिटं लागतात. चिमूटभर मीठ घातलं तर पंधरा. आपल्याकडच्या बिर्याणीच्या तळलेल्या कांद्याइतका पुढे नेऊ नका, मऊ आणि गोड राहिला पाहिजे. शेवटी आलं-लसूण.

आता अर्धी वाटी पाणी ओता आणि लाकडी उलथन्याने तळ खरवडून काढा. तिथे चिकटलेलं तपकिरी आवरण म्हणजे निम्मी चव. ते तसंच राहिलं तर दाबाखाली तेच आधी करपतं. तळ हाताला गुळगुळीत लागेपर्यंत खरवडा.

५. दाब

मांस परत घाला, तमालपत्र, उरलेलं पाणी. रूच्या डब्यावर पाण्याचं जे माप असतं ते साध्या पातेल्यासाठी असतं, ज्यातून वाफ उडून जाते. कुकरमधून फारशी उडत नाही, त्यामुळे शंभर-दीडशे मिली कमीच ठेवा. पातळ झालेली करी दाट करायला अर्धा तास जातो, दाट झालेली सैल करायला अर्धं मिनिट. भांडं दोन तृतीयांशापेक्षा वर भरू नका.

झाकण न लावता एक उकळी येऊ द्या. वर राखाडी फेस जमेल, त्याला इथे आकू म्हणतात. तो चमच्याने काढून टाका. बंद झाकणाखाली तो रश्शात मिसळतो आणि मग गढूळ, उग्र चव येते.

झाकण लावा, पिन वर, आच मंद, घड्याळ. वेळ झाली की शेगडी बंद करा आणि उठून दुसरं काम करा. चिमट्याने वजन उचलून फुस्सकन वाफ सोडायची सवय आपल्यातल्या अनेकींना असते, मलाही होती. इथे ती नडते: आतला रस्सा भडकून उकळतो, मांसातला रस बाहेर येतो आणि तुकडे आखडतात. कुकर आपोआप निवू द्या, दहा-पंधरा मिनिटं.

उघडल्यावर एक तुकडा काट्याने दाबून बघा. सहज दुभंगला पाहिजे. नाही झाला तर आत्ताच पुन्हा झाकण लावून आणखी आठ मिनिटं द्या. हीच शेवटची संधी, कारण पुढे दाब नाही.

६. भाज्या आता

गाजराचे तिरके मोठे तुकडे आणि बटाट्याच्या मोठ्या फोडी या वेळी घालायच्या. मांसाबरोबर अर्धा तास दाबात ठेवलेला बटाटा शोधायला गेलात तर सापडणार नाही, तो रस्सा झालेला असतो. आता झाकण नुसतं वर टेकवून, दाब न आणता, पंधरा मिनिटं.

बटाट्यातही निवड आहे. दान्शाकू हा गोल, भुसभुशीत, लवकर फुटणारा. दान्शाकू म्हणजे बॅरन: एका बॅरनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो होक्काइदोत लावला म्हणून हे नाव. मेकुइन लांबट आणि घट्ट, करीत आकार टिकवतो. मी मेकुइन घेते.

७. रू : इथे सगळे चुकतात

हे मला शेजारच्या ओबासाननी, म्हणजे काकूंनी, शिकवलं. मी उकळत्या करीत वड्या टाकत होते, त्यांनी माझा हात धरला आणि शेगडी बंद केली. मग काहीच नाही. भांड्याकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या. मला वाटलं काहीतरी विसरल्या. बुडबुडे सगळे बसले, पृष्ठभाग सपाट झाला, तेव्हा त्यांनी वडी मोडून एकेक तुकडा सोडला.

कारण असं: खळखळत्या पाण्यात वडीच्या बाहेरचा मैदा क्षणात फुगतो आणि आतला कोरडा राहतो. झुणक्याचं पीठ एकदम ओतलं की गुठळ्या होतात, त्यातलाच प्रकार. आच बंद, दोन-तीन मिनिटं थांबा, मग वड्या घालून सावकाश ढवळा. तळाला काही राहिलं नाही याची खात्री झाली की पुन्हा शेगडी, सगळ्यात मंद आच, सात-आठ मिनिटं, तळापासून हलवत. या वेळात करी दाटते. सुरुवातीला पातळ दिसते म्हणून घाबरून आणखी वड्या टाकू नका.

पुन्हा सांगते, यानंतर दाब नाही. दाट पदार्थ तळाला धरतो आणि वाफेची वाट बुजवतो.

आणखी एक गंमत. करी चांगली दाट झाली होती आणि तासाभराने पाण्यासारखी झाली, असं कधी झालं तर चमच्यावर संशय घ्या. चव घेतलेला चमचा परत भांड्यात गेला की लाळेतलं अमायलेज मैद्याचा दाटपणा तोडतं. मधातही असंच एन्झाइम असतं. मध घालायचाच असेल तर रूच्या आधी घालून चांगला उकळा, नंतर वरून नको. आमच्या ओबासान चव बघताना करी छोट्या बशीत काढून घेतात. मी तो शिष्टाचार समजत होते.

८. लपवलेली चव

काकुशी-आजी म्हणजे लपवलेली चव, आणि यावर प्रत्येक जपानी घराचं ठाम मत असतं. अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी, काळ्या चॉकलेटचा एक चौकोन, वूस्टर सॉस, सोया सॉस, केचप, किसलेलं सफरचंद. यातलं एक किंवा दोन निवडा. मी एक चमचा वूस्टर सॉस आणि चॉकलेटचा एक तुकडा घालते. सगळंच घातलं की कशाचीच चव लागत नाही. मिठाला हात लावू नका, रूमध्ये भरपूर असतं.

९. भात

जपानी तांदूळ, पाणी नेहमीपेक्षा किंचित कमी. बासमतीचा मोकळा भात या करीला धरून ठेवत नाही. मोजायचं ते 'गो'ने, एक गो म्हणजे १८० मिली, साधारण दोन ताटं. बाजूला लालसर गोड फुकुजिनझुके लोणचं. त्याचं नाव सात भाग्यदेवतांवरून आहे, आणि त्या सातांतली बेनतेन म्हणजे आपली सरस्वती. कैरीचं लोणचं घेतलंत तरी कुणी काही म्हणणार नाही. मी घेते.

१०. उरलेली करी : इथे मात्र गंमत नाही

दुसऱ्या दिवशीची करी जास्त चविष्ट, हे इथेही सगळे म्हणतात. पण ती रात्रभर ओट्यावर ठेवलेली नसावी. क्लॉस्ट्रिडियम पर्फ्रिंजेन्स नावाच्या जंतूचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. भांडं हळूहळू निवत चाळीस-पन्नास अंशांत आलं की दाट करीच्या पोटात, जिथे हवा पोचत नाही, ते भराभर वाढतात. "सकाळी परत उकळते" हा हमखास उपाय नव्हे. जेवण झालं की लगेच उथळ डब्यांत काढा, डबे थंड पाण्याच्या ताटात ठेवून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. फ्रीझरमध्ये घालणार असाल तर बटाटे आधी काढून खा, गोठले की ते स्पंजासारखे होतात.

कुकरच्या झाकणाची रबरी रिंग काढून वेगळी धुवा. करीचा वास तिच्यात मुरतो. मी एकदा त्याच रिंगेवर खिरीचा तांदूळ शिजवला आणि खीर कुणी संपवली नाही. आता दोन रिंगा आहेत, एक करीची, एक बाकी सगळ्याची.

तळाला जी दोन डाव करी चिकटून राहते ती सिंकमध्ये सोडू नका, चरबी नळात गोठते. त्याच भांड्यात दीड वाटी पाणी आणि दोन-तीन चमचे मेनत्सुयू (नूडल्सच्या रश्शाचा तयार सॉस) घालून उकळा, भांड्याच्या कडा खरवडून आत घ्या, उदोनचं, म्हणजे जाड नूडल्सचं, एक गोठवलेलं पाकीट टाका, वर कांद्याची पात. एका माणसाचं दुपारचं जेवण होतं आणि भांडं निम्मं घासून निघतं.